चहाचा रंग, चहाचं पान

मागच्या अंकात चहाविषयी प्रश्न मागवले होते, त्याला भरभरून प्रतिसाद आला. आधी माझ्याविषयी थोडं सांगते. सांगलीच्या पेठेत आमचं सुट्ट्या चहाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी चालवते. गुवाहाटी, सिलिगुडी, कुन्नूर इथल्या लिलावांतला माल ब्रोकरांमार्फत येतो. त्याचे नमुने चाखणं आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे मिश्रण बांधणं हे माझं रोजचं काम. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांत चहाच्या रंगाबद्दल काही ना काही विचारलेलं आहे, त्यामुळे उत्तरांतही रंगाचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

मुलीने ग्रीन टीचा डबा आणून दिला. नेहमीसारखा दूध-साखर घालून उकळला तर कडूजहर झाला, आणि रंगही चढला नाही. हे झाडच वेगळं असतं का? – एक गृहिणी, सोलापूर

झाड तेच, ताई. तुमची नेहमीची चहापूड, हा ग्रीन टी, दार्जिलिंग, ऊलाँग, व्हाइट टी, सगळं कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाच्या पानांचं. त्यात मुख्य वाण दोन. चीनकडचा लहान पानांचा, थंडी सोसणारा. आणि आसामचा मोठ्या, रुंद पानांचा. पण हिरवा की काळा हे वाणावर ठरत नाही. एकाच मळ्यात सकाळी खुडलेलं पान दोन कारखान्यांत पाठवलं, तर एकातून हिरवा चहा निघेल आणि दुसऱ्यातून काळा.

वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं, हे आपण रोज बघतो. चहाच्या पानात नेमकं तेच होतं. पानाच्या पेशीत कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. पान चुरगळलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन लागतो आणि हिरवं पान तांबूस होत जातं. यातून दोन नवी द्रव्यं तयार होतात. थीआफ्लेविनमुळे चहाला सोनेरी झळाळी आणि जिभेवरचा तरतरीतपणा येतो. थीअरुबिजिनमुळे लालसर-तपकिरी रंग आणि भरीवपणा येतो. आपण ज्याला ‘चहाचा रंग’ म्हणतो तो झाडावरच्या पानात नसतोच. तो कारखान्यात जन्मतो.

ग्रीन टी करताना ही क्रिया सुरूच होऊ देत नाहीत. पान आलं की त्याला आधी उष्णता देतात, म्हणजे विकर निकामी होतं. चीनमध्ये हे काम तापलेल्या कढईत होतं. हांगचौचा लाँगजिंग चहा करणारे कारागीर उघड्या तळव्याने पान कढईच्या तळाशी दाबत राहतात, म्हणून ती पानं चपटी, पट्टीसारखी दिसतात. जपानमध्ये पानाला वाफ देतात. चिनी चहाला भाजल्याचा खमंग वास असतो आणि जपानी सेंचाला ओल्या गवताचा, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या पातेल्याकडे वळू. ग्रीन टीत कॅटेचिनं जशीच्या तशी शिल्लक असतात. खळखळ उकळल्यावर ती सगळी पाण्यात उतरतात, म्हणून तो कडू झाला. आणि रंग देणारी द्रव्यं त्यात तयारच झालेली नव्हती, मग दुधात रंग चढणार कुठून? पाणी उकळा, गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा. पाणी ७५ ते ८० अंशांवर आलेलं असेल. कपाला एक छोटा चमचा पानं घाला, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतून दुसरा कप होतो. दूध घालू नका. आणि एक सांगते, वजन उतरवायचं औषध म्हणून नाक दाबून पिऊ नका. आवडला तर प्या, नाहीतर तुमचा नेहमीचा चहा चांगलाच आहे.

आपण वापरतो तो दाणेदार चहा म्हणजे चांगला चहा काढून उरलेला कचरा असतो, आणि डस्ट तर फरशीवरची झाडलोट असते, असं ऐकलं. खरं काय? – एक वाचक, नाशिक

हा प्रश्न पाच-सहा जणांनी विचारला आहे. मन लावून उत्तर देते, कारण या गैरसमजाने हजारो माणसांच्या कष्टावर पाणी पडतं.

दाणेदार चहा मुद्दाम, निगुतीने दाणेदार केलेला असतो. त्याच्या पद्धतीचं नाव सीटीसी: क्रश, टेअर, कर्ल, म्हणजे चिरडणं, फाडणं, वळणं. विल्यम मॅकर्चर यांनी १९३०च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात हे यंत्र तयार केलं. आज भारतात तयार होणाऱ्या चहातला फार मोठा भाग याच पद्धतीचा आहे. आम्ही दुकानदार त्याला मामरी म्हणतो.

जोरहाटकडच्या एका कारखान्यात मी हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहून बघितलं आहे. दुपार कलली की मळ्यातून पानांच्या ट्रॉल्या येऊ लागतात. दोन पानं आणि एक कळी, एवढंच खुडायचं हा नियम. तोडणी बहुतेक बायकाच करतात, आणि आसामात दिवसाचं ठरलेलं काम २३-२४ किलो पानांचं. तेवढ्या पानांचा तयार चहा होतो जेमतेम पाच किलो, कारण एक किलो चहाला साधारण साडेचार किलो ओली पानं लागतात.

पान आधी लांबच लांब जाळीदार वाफ्यांवर पसरतात आणि खालून पंख्याने हवा सोडतात. हे विदरिंग, म्हणजे पान कोमेजवणं. ताज्या पानात पाऊणपट तरी पाणी असतं. बारा-चौदा तासांत ते थोडं उतरतं आणि पान मऊ, लवचिक होतं. कोमेजणं जमलं की नाही ते बघायला तिथला माणूस मूठभर पान घट्ट दाबून सोडतो. गोळा तसाच राहिला आणि देठ वाकवल्यावर कट्‌कन मोडला नाही, तर पान तयार. यंत्रं कितीही आली, तरी ही मूठ अजून चालू आहे.

मग पान पोलादी रुळांच्या जोड्यांतून जातं. रुळांवर बारीक दाते असतात. जोडीतला एक रूळ मिनिटाला ७० फेरे घेतो आणि दुसरा ७००. या फरकामुळे पान एकाच वेळी दाबलं जातं, फाटतं आणि वळतं. अशा तीन-चार जोड्या पार केल्या की ओला, हिरवागार चुरा बाहेर पडतो. त्या क्षणी वास येतो नुकत्याच कापलेल्या गवताचा. पट्ट्यावरून तो चुरा पुढे सरकतो आणि डोळ्यांदेखत रंग पालटतो: हिरवा, मग पिवळट, मग नव्या तांब्याच्या भांड्यासारखा. वासही पिकल्या फळाकडे झुकतो. कारखान्यात याला फर्मेंटेशन म्हणतात, पण त्यात जंतूंचं काही काम नसतं. मघाशी सांगितलं तेच ऑक्सिडेशन. तासाभराच्या आसपास ते चालतं. कधी थांबवायचं हे टी-मेकर नाकाने ठरवतो. लवकर थांबवलं तर चहा कच्चा, तुरट लागतो. उशीर झाला तर रंग गडद येतो, पण चव मेलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण नुसत्या गडद रंगावर भाळणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती असाच चहा लागतो.

नंतर गरम हवेच्या ड्रायरमध्ये चहा वाळवतात, ओलावा तीन टक्क्यांच्या जवळपास आणतात. रेषे काढून टाकतात आणि चाळण्या लावतात. मोठ्या दाण्याला बीओपी आणि बीपी म्हणतात, त्याहून बारीक तो पीएफ, त्याहून बारीक पेको डस्ट आणि डस्ट. ही सगळी नावं आकाराची आहेत. सगळं पान तेच, दिवस तोच, यंत्रही तेच. नामांकित मळ्याचा पेको डस्ट लिलावात साध्या मळ्याच्या मोठ्या दाण्यापेक्षा महाग जातो, हे मी दर हंगामात बघते. बारीक चहाला पाणी जास्त बाजूंनी भिडतं, म्हणून रंग झटकन सुटतो आणि कमी पुडीत जास्त कप होतात. हॉटेलवाले डस्ट घेतात ते याचसाठी.

खरोखरचा टाकाऊ माल, म्हणजे देठ, रेषे आणि झाडलोट, हा वेगळा धरला जातो. त्याच्यासाठी १९५९चा सरकारी आदेश आहे. तो माल पिण्याच्या चहात मिसळायला बंदी आहे. कुणी चोरून मिसळत असेल तर तो गुन्हेगार. त्याचा ठपका दाण्याच्या आकारावर येऊ नये.

दार्जिलिंगला फिरायला गेलो होतो, तिथून महागडा चहा आणला. घरी केला तर फिक्का, पिवळट. पानंही हिरवट आहेत. आम्हाला फसवलं का? – एक जोडपं, डोंबिवली

फसवलं नसावं. तुम्ही कोणत्या महिन्यात गेला होता ते लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून हा फर्स्ट फ्लशचा, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमधल्या पहिल्या पालवीचा चहा वाटतो. या पालवीला दार्जिलिंगचे कारखाने खूप कोमेजवतात. पानातलं पाणी इतकं उतरतं की पुढे ऑक्सिडेशन अर्ध्यातच थांबतं. म्हणून पान हिरवट राहतं आणि चहा फिकट सोनेरी उतरतो. तो तसाच असायला हवा. मे-जूनच्या सेकंड फ्लशचा रंग अंबरासारखा आणि वास पिकल्या द्राक्षाचा, त्याला मस्कटेल म्हणतात. या वासामागे एका किड्याचा हात आहे. तुडतुडे कोवळ्या पानातला रस शोषतात, झुडूप बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि ती चहात उतरतात. द्राक्षवाल्या शेतकऱ्याला तुडतुडा शत्रू, पण तिथे त्याची वाट बघतात.

दार्जिलिंगचा चहा ऑर्थोडॉक्स पद्धतीने होतो. पान फाडत नाहीत, रोलिंग टेबलावर हलक्या दाबाने पिळतात, त्यामुळे ते अखंड, वळलेलं राहतं. दूध घालून तो उकळणं म्हणजे पैसे वाया घालवणं. उकळत्या पाण्यातून किंचित उतरलेलं पाणी, तीन मिनिटं, झाकण. पांढऱ्या कपात ओता आणि आधी वास घ्या.

पुढच्या वेळी घेताना पाकिटावर मळ्याचं नाव आणि दार्जिलिंगची अधिकृत मुद्रा बघा. मुद्रेत हातात दोन पानं-एक कळी धरलेली बाईची आकृती असते. दार्जिलिंग चहाला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं पहिलंच. ८७ मळ्यांचाच चहा त्या नावाने विकता येतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. पुण्याला मुलाकडे तोच चहा लालभडक होतो, इथे काळपट होतो आणि वर तवंग धरतो. चहा खराब आहे का पाणी? – निवृत्त शिक्षक, परभणी

पाणी, गुरुजी. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. पाणी अल्कलीकडे झुकलं की चहातलं रंगद्रव्य गडद होतं आणि आम्लाकडे झुकलं की फिकं होतं. खातरजमा करायची असेल तर कोऱ्या चहात लिंबाचे दोन थेंब पिळा, कपातच रंग उजळताना दिसेल. तवंगही कॅल्शियमचाच प्रताप: चहातली द्रव्यं, कॅल्शियम आणि हवा मिळून पृष्ठभागावर तो पातळ पापुद्रा धरतो. कोऱ्या चहात स्पष्ट दिसतो. दुधाच्या चहात सायीबरोबर मिसळतो.

उपाय साधा. पिण्याचं पाणी आधी एकदा चांगलं उकळून गार होऊ द्या. तळाशी पांढरा गाळ बसेल. वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून घ्या आणि त्यात चहा करा. पावसाचं गाळलेलं पाणी मिळालं तर एकदा त्यातही करून बघा. मराठवाड्यातल्या माझ्या गिऱ्हाइकांना मी आसामचा जरा जास्त तरतरीत चहा देते, कारण जड पाण्यात तरतरी दबते. तिथे रंगासाठी चहा वाढवत नेला, तर हाती फक्त काळेपणा येतो.

मुलगा नोकरीनिमित्त शांघायला असतो. त्याने ऊलाँगच्या गोळ्या आणि एक पोळीसारखी गोल, कडक चहाची वडी आणली. वडीला ओल्या मातीचा वास येतो. बुरशी लागली आहे का? टाकून देऊ का? – एक आई, पुणे

टाकू नका! ती पु-अर चहाची वडी आहे, चीनच्या युन्नान प्रांतातली. वजन करून बघा, परंपरेने ती ३५७ ग्रॅमची असते. ज्यात खरंखुरं जंतूंचं काम असतं, अशा मोजक्या चहांपैकी हा एक. दोन प्रकार आहेत. कच्चा पु-अर नुसता वाळवून दाबतात आणि वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. पिकवलेला पु-अर पानांचे ढीग रचून, पाणी शिंपडून, झाकून करतात. ढीग आतून तापतो, मधून मधून उलथतात आणि दीड-दोन महिन्यांत पान काळंभोर होतं. ही ढिगाची रीत १९७३ साली कुनमिंगमध्ये बसवली गेली, कारण मुरलेल्या चहाला मागणी होती आणि तितकी वर्षं थांबायला कुणी तयार नव्हतं. तुमची वडी गडद तपकिरी असेल तर ती पिकवलेली. तिचा वास पहिल्या पावसाच्या मातीचा, जुन्या लाकडाचा असतो, आणि तो चांगलाच समजतात.

बुरशी ओळखायची ती डोळ्यांनी. पांढरे, हिरवे किंवा पिवळे केसाळ ठिपके दिसले, कुबट वास नाकात गेला तर मात्र सरळ फेका. नसतील तर सुरीच्या टोकाने कडेने छोटा तुकडा सुटा करा. उकळतं पाणी ओता आणि ते पहिलं पाणी लगेच काढून टाका, मग पुन्हा ओता. गडद लाल, मऊ चहा मिळेल, कडूपणा जवळजवळ नाही. मसालेदार, तेलकट जेवणानंतर मला तो फार आवडतो. वडी कागदात गुंडाळून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, आणि मसाल्याच्या कपाटात तर अजिबात नको.

ऊलाँग हिरवा आणि काळा यांच्या मधला. पान उन्हात थोडं कोमेजवतात, मग बांबूच्या टोपल्यांत किंवा पिंपात घुसळतात. असं केल्याने पानाची फक्त कड दुखावते, मधला भाग शाबूत राहतो. थोडी विश्रांती, पुन्हा घुसळणं, असं रात्रभर चालतं. कड लालसर आणि मध्य हिरवा असं पान झालं की उष्णता देऊन थांबवतात. तुमच्याकडच्या गोळ्या फुच्येन प्रांतातल्या आन्शीच्या तिएग्वानयिनसारख्या असाव्यात. पान फडक्यात आवळून आवळून त्या गोळ्या वळतात. चार-सहा गोळ्या काचेच्या ग्लासात टाकून गरम पाणी ओता आणि बघत बसा. अख्खं पान देठासकट उलगडतं. एकदा उलगडलेलं पान बोटावर पसरून कड तपासा, लालसर किनार दिसते का ते. त्याच पानांवर चार-पाच वेळा पाणी घेता येतं आणि दर वेळी चव बदलते. मुलाला माझ्यातर्फे शाबासकी सांगा, चांगली निवड केली आहे.

व्हाइट टी एवढा महाग का? – रत्नागिरी

कारण उत्तम प्रतीत नुसत्या कळ्या असतात, पान नाही. फुच्येनमधल्या फुडिंगच्या ‘सिल्व्हर नीडल’साठी वसंताच्या सुरुवातीला न उमललेल्या, पांढरी लव असलेल्या कळ्या खुडतात. त्या पिळत नाहीत, कढईत टाकत नाहीत. फक्त कोमेजवतात आणि वाळवतात. चव फार नाजूक. रोजच्या आल्याच्या चहाची सवय असेल तर पहिल्या घोटात काहीच लागणार नाही. मला वाटतं, आधी ऊलाँग प्या, मग याच्याकडे वळा.

महाबळेश्वरला इतका पाऊस, इतकी थंडी. तिथे चहाचे मळे का नाहीत? – एक शेतकरी, वाई

दादा, पाऊस किती पडतो याच्याइतकंच तो कधी पडतो हेही महत्त्वाचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, चहाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे सात-आठ महिने जमीन सुकत जाते. चहाच्या झुडपाला दर आठ-दहा दिवसांनी नवी पालवी फुटली पाहिजे, तरच तोडणी चालते आणि मळा परवडतो. मुन्नार आणि निलगिरीला पाऊस दोन्ही मोसमांत मिळतो. आसामात मार्चपासूनच वळवाच्या सरी सुरू होतात आणि हवा दमट राहते. तिथेही डिसेंबर ते फेब्रुवारी तोडणी जवळपास बंदच असते. आम्लधर्मी माती चहाला लागते, ती घाटमाथ्यावर आहे. पाण्याचा निचरा होणारा उतारही आहे. अडतं ते कोरड्या महिन्यांपाशी. हौसेने दोन-चार झुडपं लावलीत आणि उन्हाळ्यात पाणी दिलंत तर जगतील. पाच वर्षांनी कोवळी पानं खुडून कढईत घरचा हिरवा चहाही करता येईल. करून बघितलात तर मला जरूर कळवा.

हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलं. मग ग्रीन टी घेतला तर चालेल का? – जळगाव

या बाबतीत दोन्ही सारखेच. चहातली तुरट द्रव्यं भाजी-डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर तासभर कुठलाच चहा नको. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नका. जेवणात लिंबू पिळा. बाकी डॉक्टर सांगतील तसं. आपल्याकडे बायका दुपारचं जेवण बाजूला सारून चहावर भागवतात, ते मला बघवत नाही. आधी जेवा.

चहात रंग मिसळलेला कसा ओळखायचा? – इचलकरंजी आणि लातूरहून दोन पत्रं

गाळण कागद किंवा टिपकागद घ्या. त्यावर चिमूटभर चहा पसरा, वर पाण्याचे थेंब शिंपडा, थोड्या वेळाने चहा धुऊन टाका आणि कागद उजेडात धरा. भेसळीचा रंग असेल तर ठळक, भडक डाग उमटतात; शुद्ध चहाचा फार तर पुसटसा तपकिरी उमटेल. दुसरी परीक्षा थंड पाण्याची. ग्लासभर थंड पाण्यात चहा टाका. चांगला चहा हळूहळू रंग सोडतो. टाकल्या टाकल्या लाल धारा खाली सुटल्या तर संशय घ्या. चहात कुठलाही कृत्रिम रंग घालायला कायद्याने मनाई आहे.

चुंबकही फिरवून बघा. सीटीसीचे पोलादी रूळ झिजतात आणि लोखंडाचा कीस चहात येऊ शकतो, म्हणून कारखान्यांत चुंबक बसवलेले असतात. किलोला १५० मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. चुंबकाला एखाद-दुसरा कण चिकटला तर घाबरू नका, पण दाढी फुटल्यासारखा कीस लागला तर तो चहा परत करा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी करा.

रंग मिसळणारे लोक आहेत, कारण रंग मागणारी गिऱ्हाइकं आहेत. माझ्या दुकानात कुणी ‘रंग येईल असा द्या’ म्हटलं की मी आधी चव दाखवते.

कोल्हापुरात चहाचा गाडा सुरू करतोय. म्हशीचं दूध आहे, कटिंग विकणार. कोणता चहा घेऊ? – एक तरुण

म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि साय दोन्ही जास्त. दुधातलं केसिन चहाच्या तुरटपणाला धरतं, म्हणून अंगाने भरीव चहाच लागेल. आसामचा सीटीसी, जमल्यास मेअखेर ते जूनच्या सेकंड फ्लशचा बीपी हा पाया धर. चव आणि भरीवपणा त्यातून येईल. झटकन रंगासाठी उत्तर बंगालमधल्या दुआर्सचा किंवा आसामचाच पेको डस्ट थोडा मिसळ. वासासाठी निलगिरीच्या डोंगरातला चहा थोडासा पुरे. साधारण सहा भाग, तीन भाग, एक भाग इथून सुरू कर आणि मग आपल्या गिऱ्हाइकाप्रमाणे हलव. पावसाळी मालाचा, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या आसामचा दर उतरलेला असतो, पण पाणी जास्त पिऊन वाढलेलं ते पान, चवीला पातळ. गाडा नवा असताना त्याच्या मोहात पडू नकोस.

पोतं उचलण्याआधी नमुने माग. आम्ही चाखताना २.८ ग्रॅम चहा मोजतो, झाकणाच्या पांढऱ्या भांड्यात साधारण १४० मिलिलिटर उकळतं पाणी ओततो, पाच मिनिटांनी गाळतो आणि चमच्याने मोठ्याने भुरकतो, म्हणजे चहा फवाऱ्यासारखा सगळ्या जिभेवर आणि नाकापर्यंत जातो. मग झाकणावर उरलेली ओली पत्ती बघतो. ती नव्या तांब्यासारखी उजळ असेल तर चहा नीट केलेला आहे. काळसर-हिरवी किंवा मळकट असेल तर कारखान्यात काहीतरी बिघडलं. हे तूही करू शकतोस, फक्त वजनकाटा हवा. पण तुझी खरी परीक्षा तुझ्याच स्टोव्हवर. तुझं पाणी, तुझं दूध, तुझं आलं घेऊन प्रत्येक नमुन्याचा पातेलंभर चहा कर आणि अर्धा तास मंद आचेवर ठेवून पुन्हा चाख, कारण गाड्यावर चहा उभा राहतोच. अर्ध्या तासाने जो कडवट झाला नाही, तो घे. आलं मात्र दुधात थेट टाकू नकोस, आधी पाण्यात उकळून घे. कच्च्या आल्याने कोमट दूध फाटतं.

आणि एका वेळी पंधरा दिवस पुरेल इतकाच माल भर. कोल्हापूरच्या पावसात उघडं पोतं ओल धरतं, आणि ओल धरलेला चहा कितीही उकळलास तरी उठत नाही.